काचेची नाव

आमच्या भंडारा जिल्ह्यास तळ्यांचा जिल्हा म्हणतात, हे नाव कोणा कवीच्या कल्पनेतून निघालेले नव्हे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी टेकड्यांमधील उतार मातीच्या पाळीने अडवून जी तळी शतकांपूर्वी बांधली, त्यांच्या पाण्यावर आमच्या भाताच्या बांध्या आजही पिकतात. त्यांपैकी विशेष नावाजलेला नवेगावचा बांध १९९९ च्या मे महिन्यात गोंदिया जिल्हा निराळा झाला तेव्हा तिकडच्या वाटणीस गेला. तरी मागे उरलेली तळी मोजू म्हटल्यास थोडी नाहीत. मालगुजारी १९५१ साली संपली. मालगुजार गेले, आणि तळी तेवढी 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मामा तलाव' असे लडिवाळ नाव घेऊन जागच्या जागी राहिली. त्यांच्या जोडीस आता गोसीखुर्दचे धरण आले आहे. १९८८ साली त्याची कोनशिला बसली. आज वैनगंगेवर ३३ दारांची ती भिंत उभी असून तिच्यामागील फुगवटा पार भंडारा शहरापर्यंत पोचला आहे. आमची पवनी धरणाच्या खालच्या अंगास, नदीकाठी आहे. लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. देवळांची संख्या पाहता म्हणोत बापडे.

जेथे पाणी तेथे ढीवर, आणि जेथे ढीवर तेथे डोंगा, असा या प्रांतीचा क्रमच आहे. आमच्यासारख्या शाकाहारी घरांस त्या डोंग्याशी काय कर्तव्य, असे वाचकांपैकी कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, एकादशीस आपण ज्या शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करून उपवास साजरा करतो, तो शिंगाडा वाण्याच्या दुकानात उगवत नाही. तळ्यात त्याचे वेल लावावयाचे ते ढीवराने, आणि फळ धरल्यावर गार पाण्यात उतरून किंवा डोंग्यात ओणवे होऊन ते तोडावयाचे तेही त्यानेच. उपवासाचे पुण्य आपल्या पदरी आणि बोटांत मोडलेले काटे त्याच्या, अशी ही वाटणी आहे. तेव्हा डोंगा हा आपल्या स्वयंपाकघरापासून आपण समजतो तितका दूर नाही.

हा डोंगा पूर्वी लाकडाचा असे. फळ्या जोडावयाच्या, सांध्यांत कापूस व राळ ठासावयाची, वरून डांबर फासावयाचे, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी हे सर्व पुन्हा करावयाचे. लाकूड महागले, नावेचे काम जाणणारे सुतार दारे-खिडक्यांच्या कामास लागले, आणि दिवसेंदिवस लाकडी डोंग्याच्या जागी 'फायबर'ची नाव दिसू लागली. फायबर म्हणजे मुळात काच. काच आणि नाव ही जोडी ऐकून आमच्या घरातील मुले प्रथम हसली. काचेचा धर्म फुटणे, ती लाटेचा मार कशी सोसणार? परंतु काचेचा गज वाकविला तर मोडतो आणि तीच काच वितळवून केसाहून बारीक ओढली तर धाग्याप्रमाणे वाकते, हे पदार्थविज्ञानाचे एक गमतीचे सत्य आहे. अशा धाग्यांचे कापड किंवा लोकरीच्या नमद्यासारखी चटई करावयाची, ती साच्यात अंथरावयाची, आणि तिच्यात पातळ राळ मुरवून ती राळ घट्ट होऊ द्यावयाची. एवढेच त्याचे रहस्य. आमच्याकडे मातीच्या भिंती घालताना चिखलात धानाचे तणस मिसळतात ते कशासाठी? नुसती माती तडकते, नुसते तणस उभे राहत नाही, दोन्ही मिळून भिंत होते. या नावेत चिखलाच्या जागी राळ आणि तणसाच्या जागी काच आहे, इतकाच फरक.

ज्याला हल्ली बाजारात 'रेझिन' म्हणतात ते म्हणजे आपली राळच. संस्कृतात सर्जरस, म्हणजे सर्जवृक्षाचा चीक. मात्र बाजारातील रेझिन झाडापासून नव्हे, खनिज तेलापासून होते. नावेसाठी त्याचा उपयोग प्रथम अमेरिकेत झाला. १९३० नंतरच्या दहा वर्षांत तेथे काचेचे धागे कारखान्यांत निघू लागले, आणि १९४२ च्या सुमारास ओहायो प्रांतातील टोलेडो येथे रे ग्रीन नावाच्या गृहस्थाने या मिश्रणाची पहिली टिकाऊ होडी केली असे मानतात. आपल्याकडे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोचीस रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर औषध देऊन व त्यावर हेच आवरण चढवून लहान नावा तयार केल्या. २००४ च्या डिसेंबरात सुनामीने पूर्व किनारा धुऊन नेल्यावर साहाय्यार्थ ज्या असंख्य नावा वाटल्या गेल्या त्यांत फायबरच्या पुष्कळ होत्या. त्यांतील कित्येक घाईने केलेल्या होत्या, अशी ओरडही त्या वेळी झाली.

येथे धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथाचे स्मरण होते. त्यात नावांचे दहा सामान्य प्रकार सांगितले असून सर्वांत लहान जी 'क्षुद्रा' ती १६ हात लांब व ४ हात रुंद असावी असे म्हटले आहे. लाकडांचेही चार वर्ण ग्रंथकाराने केले आहेत. हलके व मऊ ते ब्राह्मण, हलके पण कठीण ते क्षत्रिय, आणि नावेस क्षत्रियच उत्तम. आमचे मत विचाराल तर या बाबतीत ग्रंथकाराने आपल्या राजकुळास थोडे झुकते माप दिलेले दिसते. समुद्रगामी नावेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातील लोहचुंबक ती ओढून घेईल, असेही तेथे लिहिले आहे. कारण काल्पनिक असो, पण आम्ही ज्या नावेची हकीकत सांगणार आहोत तिच्या अंगास एकही खिळा नाही, हे पाहून भोजराज संतुष्ट झाला असता. लांबीने मात्र ती १८ फूट, म्हणजे बारा हात, क्षुद्रेहूनही क्षुद्र.

ही नाव आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. ढीवर समाजातील हा मुलगा आमच्याकडे संस्कृताच्या तासास मागील बाकावर बसून खिडकीतून नदीकडे पाहत असे. आज त्याच्या डोक्यावर पांढरे केस आहेत. धरणाच्या जलाशयावर तो जाळे टाकतो. ही नाव त्याने जुनीच विकत घेतली होती. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेस जो महापूर आला आणि ज्याने निम्मे भंडारा शहर पाण्यात घातले, त्या पुरात ती दाव्यासह वाहून गेली व कोठेतरी झाडावर आदळून एका बाजूस फुटली. पाणी ओसरल्यावर त्याने ती शोधून आणली. पण दुरुस्तीस पैसा नव्हता, म्हणून घराच्या मागे तशीच पडू दिली, आणि स्वतः दुसऱ्याच्या नावेवर हिश्शाने जाऊ लागला. गेल्या वर्षी त्याचा मुलगा दहावी झाला आणि बापाबरोबर पाण्यावर जाण्याचा हट्ट धरून बसला. कोजागिरीनंतर एके दिवशी बाप-लेक आमच्या ओसरीवर येऊन उभे राहिले.

"तुमच्या वाड्यातला गोठा रिकामाच आहे जी, गुरुजी. महिनाभर नाव ठेवू द्याल का? भोकावर पट्टी मारतो, वरून रंग देतो न् सोडतो पाण्यात."

आमच्या थोरल्या बंधूंना ही गोष्ट रुचली नाही. ते सत्तरी उलटलेले, सोवळे-ओवळे अजून पाळणारे. "मासेमारीची नाव आणि आपल्या वाड्यात!" एवढेच ते बोलले, पण त्या एवढ्यात सर्व आले. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. महाभारतकार व्यासांची माता सत्यवती यमुनेवर नाव वल्हवीत असे, आणि त्या नावेसही मासळीचाच वास होता, एवढे फक्त त्यांच्या कानांवर घातले. दादा पोथी वाचणारे आहेत. ते काही वेळ स्वस्थ राहिले आणि म्हणाले, "तुळशीच्या बाजूस नको, मागच्या दाराने आणा." तेवढ्याने आमचे काम झाले.

नाव सहा माणसांनी उचलून आणली. अठरा फुटांच्या नावेस सहा माणसे लागावी हीच पहिली शंकेची गोष्ट होती, आणि ती आमच्या पुतण्याने बोलून दाखविली. तो नागपुरास फायबरच्या पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका कारखान्यात देखरेखीच्या कामावर आहे. या उद्योगाचे खरे गुरुत्व त्याचे. तो म्हणाला, "काका, काच आणि राळ पाणी पीत नाहीत. ही एवढी जड आहे त्या अर्थी आत कोठेतरी पाणी आहे."

फायबरच्या नावेची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. लाकडी मुठीने ती जागोजाग ठोकून पाहावयाची. अंग धड असेल तेथे टणक नाद येतो; थर सुटले असतील किंवा आतील लाकूड कुजले असेल तेथे आवाज बद्द येतो. पुतण्या हे समजावीत असता आमच्या वहिनी, म्हणजे त्याची मातोश्री, दारात उभ्या होत्या. नाव आल्यापासून त्यांनी नाकाचा पदर काढला नव्हता. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हे तर मडके घेतानाचे. यात शिकावयाचे काय?" आणि बोटाच्या पेराने वाजवीत त्या एका टोकापासून निघाल्या. शाळेतून उरलेला खडूचा डबा आमच्यापाशी होताच. त्या "येथे" म्हणतील तेथे आमचा नातू फुली मारी. अर्ध्या तासात नावेवर एकोणीस फुल्या झाल्या. फुटलेली बाजू सोडली तर यांतील एकही जागा बाहेरून दिसत नव्हती. सर्वांत अधिक फुल्या मागच्या उभ्या फळीवर, जेथे इंजिन अडकवितात तेथे, आणि बसण्याच्या पाटांखालील बंद पेट्यांवर पडल्या.

नावेच्या तळास मसुरीएवढे व चिंचोक्याएवढे फोडही होते. एक टोचला तेव्हा आतून आंबूस वासाचा द्रव आला. पुतण्याने सांगितले की, बाहेरील रंगीत लेपातून पाण्याचा अंश वर्षानुवर्षे आत झिरपतो, तेथे राळेतील सुटे घटक विरघळतात, आणि मग तो दाट द्रव बाहेरचे पाणी आणखीच ओढून घेऊन फोड फुगवितो. आणि हे खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक होते! मनुका पाण्यात टाकली असता फुगते, मिठाच्या पाण्यात तितकी फुगत नाही. तोच हा नियम. समुद्र सर्व गोष्टींत अधिक क्रूर असेल अशी आमची समजूत होती, पण या एका बाबतीत आमचे शांत दिसणारे तळे त्याच्यापुढे आहे.

मग मागची फळी उघडली. बाहेरचे कवच चकतीच्या यंत्राने कापून काढताच काळे पाणी वाहू लागले. आत प्लायवूड होते असे म्हणतात. आम्ही जे पाहिले ते भिजलेल्या तंबाखूसारखे होते आणि मुठीने बाहेर काढता येत होते. इंजिनाचे बोल्ट ज्या छिद्रांतून गेले होते ती छिद्रे कोणी कधी राळेने बुजविली नव्हती. तेथून थेंब थेंब पाणी आत गेले. काच कुजत नाही, पण काचेने कोंडलेले लाकूड उघड्यावरील लाकडाहून लवकर कुजते, कारण ओल आत शिरते आणि बाहेर पडावयास वाट नसते. पाटांखालील पेट्या उघडल्या तेव्हा तर सर्वांचीच तोंडे उतरली. नाव उलटली किंवा पाण्याने भरली तरी तिने तरंगत राहावे म्हणून या पेट्यांत हलका फोम भरलेला असतो. तो फोम पाणी पिऊन शिळ्या भाकरीसारखा जड झाला होता. हातात घेऊन पिळला तर धार लागे.

याचा अर्थ नावेच्या मालकास सांगावा लागला नाही. ज्या वस्तूवर वादळात जीव टांगावयाचा तीच वस्तू नावेस तळाशी नेणारी झाली होती. वर रंग दिला असता तर ती नवीन दिसली असती, आणि चैत्र-वैशाखात वळवाचे वारे सुटल्यावर, रात्रीच्या वेळी, जलाशयाच्या मध्यावर, त्याच्या सोळा वर्षांच्या मुलासकट ती एखाद्या घागरीसारखी बुडाली असती. ढीवराचे पोर पोहते हे खरे. पण भोवती जाळे पसरलेले आणि पाण्यावर जलपर्णीचा थर असता पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. तो बराच वेळ त्या फोमकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "रंग राहू द्या गुरुजी. आदी हे सांगा, का होते का नाही?"

नाव टाकून द्यावी हा विचार आम्ही सर्वांनी केला. परंतु टाकावी कोठे? लाकडी डोंगा निकामी झाला तर चुलीत जातो, नाही तर नदीकाठी कुजून माती होतो. लोखंड भंगारवाला नेतो. प्लास्टिकची बादली वितळवून दुसरे काही होते. फायबरची राळ एकदा घट्ट झाली की ती उष्णतेने पुन्हा वितळत नाही. जाळावी तर विषारी काळा धूर. पुरावी तर आपल्या नातवंडांच्या नातवंडांस ती जशीच्या तशी सापडावयाची. या नावेस अंत्यसंस्कार नाही. ज्या वस्तूस मरण नाही ती बिघडली म्हणून सोडून देणे म्हणजे ती दुसऱ्याच्या वाटेत टाकणे. आणि नवीन नावेची किंमत त्या गृहस्थाच्या ऐपतीबाहेरची होती. तेव्हा दुरुस्ती करावयाची, पण पट्टी मारून नव्हे, असे ठरले.

पहिले काम काहीच न करण्याचे होते. नाव वाळू द्यावयाची. सर्व कुजके काढून, फोड खरडून, पेट्या उघड्या ठेवून ती दिवसा उन्हात ओढावयाची आणि रात्री दवापासून झाकावयाची. ओलसर अंगावर राळ धरत नाही. कार्तिक पौर्णिमा उलटली, मार्गशीर्ष लागला. त्या दिवसांत तळी-जलाशयांवर मासळीचा हंगाम असतो. दुसऱ्याच्या नावेवर जाण्यात मिळकतीचा मोठा भाग मालकास जातो. तो रोज संध्याकाळी येई, नावेस हात लावून पाही, आणि म्हणे, "आता त कोरडी वाटते जी." रविवारी पुतण्या आला. त्याने प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या आतल्या बाजूस दवबिंदूंसारखे थेंब होते. आणखी आठ दिवस थांबलो. दुसऱ्या रविवारी थोडे थेंब होते. तिसऱ्यास एकही नव्हता. या तीन आठवड्यांत त्याने एकदाही आवाज चढविला नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर इतका धीर धरला असता की नाही, सांगवत नाही. वाळलेली नाव धानाच्या गिरणीच्या काट्यावर तोलली तेव्हा १८० किलो भरली, आणि चौघांनी ती सहज उचलली.

पुढील काम धुळीचे. फुटलेल्या जागेचे भोक ताम्हनाएवढे होते. पण त्यावर ताम्हनाएवढाच तुकडा बसवून चालत नाही. नव्या राळेचा जुन्या राळेशी रासायनिक जीव जडत नाही, ती केवळ खरखरीत पृष्ठभागास धरून राहते. म्हणून भोकाभोवतालचे अंग जाडीच्या बारापट रुंदीचा उतार करून घासावे लागते. अंगाची जाडी पाच मिलिमीटर, तर सभोवार साठ मिलिमीटरचा उतार. ही धूळ म्हणजे काचेची भुकटी. अंगास लागली तर खाजकुइलीसारखी छळते आणि श्वासाबरोबर गेली तर त्याहून वाईट. नाकतोंडावर चांगल्या प्रतीचा मुखवटा, डोळ्यांस चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि मुलांस गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची आज्ञा, असा बंदोबस्त होता. विहिरीवर ताडपत्री घातली. धूळ ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधली. आमच्या कुटुंबाने ते कपडे घरात घेतले नाहीत, अंगणातच निराळे धुतले, व ते योग्यच केले.

राळेचे काम करावयाचे तर आमच्याकडे ऋतूही पाहावा लागतो. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ती भांड्यातच तापून दगड होते. पावसाळ्यात हवेच्या ओलीने बिघडते. आणि पौषातील पहाटे इतकी गारठते की लवकर घट्टच होत नाही. म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंतच हात चालवावयाचा. राळेत दोन औषधे पडतात. एक कोबाल्टचे, जांभळट रंगाचे. दुसरे पाण्यासारखे स्वच्छ, ज्याने राळ घट्ट होते. ही दोन एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडून स्फोट होतो. पुतण्याने कोबाल्ट आधी राळेत पूर्ण घोटून घेतले आणि दुसरी बाटली गोठ्याच्या दुसऱ्या टोकास, वेगळ्या फळीवर ठेवली. त्याचे प्रमाण थंडीत किलोस वीस ग्रॅम, ऊन चढल्यावर दहा. हे मोजमाप नातवाने इंजेक्शनच्या पिचकारीने केले. पुढे भिंतीवरचे घड्याळ पाहत वीस मिनिटांत कालविलेले सर्व संपवावे लागे.

काचेची चटई कोरडी असताना पांढरी शुभ्र दिसते. राळ मुरली की ती पारदर्शक होते आणि खालचे अंग दिसू लागते. कोठे पांढरे राहिले तर तेथे राळ पोचली नाही किंवा हवेचा बुडबुडा राहिला असे समजावे, व रूळ फिरवून तो कडेस हाकलावा. या कामात मालकाचा मुलगा आम्हा सर्वांहून तरबेज निघाला. पाण्याखालील जाळ्यातील गाठ ज्या बोटांस कळते त्यांस बुडबुडा कळावा यात नवल नाही. एक थर चटईचा, एक विणलेल्या कापडाचा, पुन्हा चटई. लहानावर मोठा असे पाच तुकडे बसले. मागच्या फळीत, ज्यावर भारतीय मानकाचा ७१० हा अंक छापलेला असतो ते पाण्यात टिकणारे प्लायवूड घातले. छिद्रे हवी त्याहून मोठी पाडून, राळेने बुजवून, त्या राळेतून पुन्हा बोल्टाची छिद्रे पाडली, म्हणजे लाकडास पाण्याचे दर्शनच नको.

पेट्यांत काय भरावे याची चर्चा घरात दोन दिवस चालली. थर्मोकोल स्वस्त, पण ही राळ त्यास विरघळवून टाकते. शेवटी वहिनींनीच तोड काढली. गोडेतेलाचे पाच लिटरांचे रिकामे प्लास्टिकचे डबे गल्लीतून गोळा केले, धुऊन, वाळवून, झाकणे घट्ट करून चाळीस डबे पेट्यांत ठासले. एक फुटला तरी एकूणचाळीस उरतात. येथे आमच्यातील शिक्षक जागा झाला व फळ्यावर गणित मांडले गेले. चाळीस डबे म्हणजे २०० लिटर हवा, ती पाण्यात सुमारे २०० किलो तोलून धरील. फायबर पाण्याच्या दीडपट जड. म्हणजे १८० किलोची नाव पाण्यात बुडाली असता ६० किलोच भरेल. इंजिन साधारण ३० धरा. एकूण ९०. उरलेल्या ११० किलोंच्या आधारावर दोन माणसे कडेस धरून सकाळपर्यंत राहू शकतील. मुलाने ते गणित स्वतः दोनदा केले आणि बापास वाचून दाखविले.

गणितावर बापाचा विश्वास बसला. तरी पुतण्या प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज नाव देण्यास तयार नव्हता. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी जवळच्या तळ्यावर कमरेइतक्या पाण्यात नाव लोटली, तीत रेतीचे पोते इंजिनाच्या जागी बांधले, आणि बादल्यांनी तीत पाणी भरावयास सुरुवात केली. पाळीवर जमलेल्या मंडळींस हे अजबच वाटले. "गुरुजींनी तीन महिने नाव दुरुस्त केली न् आता बुडवून राहिले," असे कोणी म्हणाले व सर्व हसले. नाव काठोकाठ भरली. तिचे काठ पाण्याशी समपातळीस आले आणि तेथेच राहिले. मग मुलगा व त्याचा बाप दोन बाजूंनी काठ धरून पाण्यात लोंबकळले. नाव थोडी खाली गेली, पुन्हा वर आली. बाप तसाच, गळ्याइतक्या पाण्यात, काठ न सोडता बराच वेळ राहिला. आम्ही हाका मारल्या तेव्हा बाहेर आला.

मोबदल्याची गोष्ट त्याने काढली. साहित्याचा खर्च, जो नव्या नावेच्या निम्म्याहूनही पुष्कळच कमी झाला, तो त्याने हप्त्यांनी देण्याचे ठरविले व तो देत आहे. श्रमाचे काही घेण्यास आम्ही नकार दिला, तेव्हा तो वहिनींकडे वळून म्हणाला, "मग शिंगाड्याचं काही बोलू नका जी, बाई." आषाढी एकादशीस एक पिशवीभर सुका शिंगाडा घरी आला. दादांनी तो स्वतः निवडला.

पेट्यांच्या झाकणांस तळाशी एक बूच ठेवले आहे. दर रविवारी नाव काठास ओढून ते बूच काढावे, आतून किती पाणी निघते ते मोजावे आणि वहीत लिहावे, एवढीच अट आम्ही मुलास घातली. तो वही घेऊन महिन्यातून एकदा येतो. फेब्रुवारीपासून सर्व रकान्यांत शून्य आहे. गेल्या रविवारी उजव्या पेटीपुढे 'अर्धी वाटी' असे लिहिले आहे. त्या झाकणाचा रबराचा वायसर पाहावा लागेल; पुतण्यास तसे कळविले असून तो येत्या शनिवारी येत आहे. तोवर नाव आमच्या गोठ्यात आहे.